मायाक्काची एंट्री

मायाक्का दारातून सरळ आत येत नाही. आधी उंबऱ्यावर थांबते, मनात तीनपर्यंत मोजते, मग झटकन मान वळवून म्हणते, "काका, वाईच साखर." मी पेपरातून डोकं वर काढलं नसेल, तर बाहेर जाऊन पुन्हा येते. "एंट्री महत्त्वाची असती, काका," असं तिचं ठाम मत आहे. या गडबडीत साखर न्यायची मात्र राहून जाते.

विश्रामबागेत आमच्या खालच्या खोलीत तिची मावशी राहते. दवाखान्यात कामाला जाते. मायाक्का अकरावीला आली तेव्हापासून तिच्याकडेच आहे, कारण आई-आबा वर्षातले आठ महिने मेंढरांमागे फिरतीवर. पोरगी ताडमाड उंच. आपल्या हातांचं नेमकं काय करायचं हे तिला अजून उमगलेलं नाही, म्हणून ती ते ओढणीत गुंडाळून ठेवते. आवाज एका माळावरून दुसऱ्या माळावर हाक मारायला घडवलेला. गच्चीवर ती प्रेमाचा प्रसंग कुजबुजायला लागली, की मागच्या गल्लीतल्या बायका खिडकीत येऊन उभ्या राहतात.

"क्लोजअपला बरं दिसंल न्हवं?" हे तिचं पालुपद. नवी ओढणी, गालावरची पुळी, मावशीनं केलेलं कालवण, सगळ्याला हाच प्रश्न.

ऊन उतरलं की ती गच्चीवर वाळत घातलेल्या चादरींमधून फिरते. वाऱ्यानं चादर गालाला लागली की डोळे मिटते आणि जणू कुणाला तरी बघून हसते. तेव्हा हाक मारा, ऐकू जात नाही. मी निवृत्त कारकून; स्वप्नं बघायची माझी सवय नोकरीतच सुटली. पण तिला बघता बघता हातातला चहा गार होतो, एवढं खरं.

मागच्या महिन्यात रहिमतपूरजवळ एका मालिकेचं शूटिंग लागलं. बाजाराच्या प्रसंगाला गर्दी हवी होती. मावशीला रजा मिळेना, म्हणून पॅसेंजरनं तिला घेऊन मी गेलो. काम अगदी सोपं होतं. डोक्यावर भाजीची पाटी घेऊन नायिकेच्या मागून जायचं, कॅमेऱ्याकडे बघायचं नाही. मायाक्का निघाली, मधोमध थांबली, मान वळवली आणि थेट कॅमेऱ्यात बघून हसली. असं चार वेळा झालं. सहायक दिग्दर्शक वैतागला, "अहो ताई, इकडं बघू नका म्हणून किती वेळा सांगायचं?"

"मग आबांना कळायचं कसं, मी हाय त्ये?"

सगळे हसले. मीही हसलो, त्याची आता लाज वाटते. शेवटी त्यांनी तिला भिंतीपलीकडून चालवलं. दिसणार होती ती फक्त पाटी.

परतीच्या गाडीत ती खिडकीशी बसली होती. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "आबांकडं बटणाचा फोन हाय, काका. त्यात तोंड दिसत न्हाई. दिवाळीपासनं त्यांनी मला बघितलं न्हाई. मेंढरांचा तळ तर सारखा हलतोय. पण जातील त्या गावात चहाच्या टपरीवर टीव्ही असतोय न्हवं? तितं म्या दिसले असते." मग तोंड फिरवून म्हणाली, "मी त्यांना सांगून बसलीया, डोक्यावर पाटी घिऊन दिसंन म्हणून. समद्यांना घिऊन बघाय बसत्याल. आता काय सांगू?"

तिच्या नटी व्हायच्या वेडाची मी इतके दिवस नुसती गंमत बघत होतो.

तो भाग लागला तेव्हा आम्ही तिघं मावशीच्या खोलीत टीव्हीसमोर बसलो. भिंतीवरून एक पाटी डावीकडून उजवीकडे गेली. संपलं. लगेच फोन वाजला. मायाक्का उचलेना, तेव्हा मावशीनंच उचलून स्पीकरवर टाकला. आबांचा आवाज खोलीभर झाला.

"मायाक्का, बघितलं गं! लय ब्येस धरलीस पाटी. जराबी हलली न्हाई!"

"आबा, म्या दिसलेच न्हाई."

"आसू दे की! आख्ख्या टपरीला उठून सांगितलं, पाटीखाली माझी लेक हाय म्हणून."

मावशीनं पदर डोळ्यांना लावला. माझाही चष्मा धुरकटला.

"आबा," मायाक्कानं विचारलं, "कवा येतासा?"

पलीकडून बराच वेळ टपरीवरच्या टीव्हीचाच आवाज येत राहिला.