दिवसा कडी लावणारे पाहुणे

पाहुण्यांना ठेवून कसं घ्यावं, हे अख्ख्या भंडारदऱ्यात फक्त मला कळतं, असं मी चौऱ्याण्णव सालच्या दिवाळीत जाहीर करून टाकलं होतं. जाहीर म्हणजे चहाच्या टपरीवर, मोठ्या आवाजात! नाशिकच्या एका लॉजवर मी नोकरी केलेली. लोकांना वाटतं, शहरातला माणूस आमच्याकडं धरण बघायला येतो. साफ खोटं. धरण तो घटकाभर बघतो. तो येतो ते आपल्याला कुणी बघू नये म्हणून.

तेव्हा मी घराच्या बाजूची खोली पाहुण्यांसाठी मोकळी केली. तिथली भाताची पोती आमच्या झोपायच्या जागेत आली, आणि माझी बायको पुष्पावती पोत्यांच्या मधल्या बोळात अंग चोरून झोपायला लागली. थोडे दिवस तिनं सोसलं, मग निकाल दिला.

"हे बघा, पयलं पाव्हणं खूश होऊन गेलं तर खोली तुमची. तोंड वाकडं करून गेलं तर पोती माघारी तितंच. मंग मला लॉजच्या गोष्टी सांगायच्या न्हाईत."

"ठरलं," मी म्हणालो. खोलीला चुना दिला, जुन्या लुगड्याचे पडदे केले आणि पुढच्या दाराला आतून नवीकोरी कडी बसवली.

"कडी कशाला? रातीला आडसर हाय की," पुष्पावती म्हणाली.

"ही दिवसाची."

"दिवसा कोन दार लावतं?"

खेड्यातली बाई, तिला काय सांगणार, असं मनात म्हणून मी कडीला तेल घातलं.

पहिले पाहुणे नगरहून आले. शामकांतराव कचेरीत हेडक्लार्क, इंदूबाई शाळेत शिक्षिका, दोघंही पन्नाशीतले. घरी एवढं गोकुळ की नवरा-बायकोला आपसात बोलायचं तर गच्चीवर जावं लागतं, असं साहेबच म्हणाले.

"गोरक्षराव, दोन-तीन दिवस आम्हाला कोणी काही विचारू नये, एवढीच इच्छा आहे. तेवढी सोय आहे ना?"

"साहेब, सामानाला हात लागणार नाही, खोलीकडं नजर जाणार नाही. माझी हमी."

सकाळी पोहे झाले, चहा झाला आणि आतून कडी लागल्याचा आवाज आला. मला तो आवाज फार गोड लागला. मी दारासमोर बाजलं टाकून राखणीला बसलो.

आता आमच्याकडची रीत सांगतो. दिवसा आमच्यात दार लागत नाही. लागलंच तर सगळे शेतावर गेले म्हणून, बाहेरून. आतून लागलं म्हणजे घरात आजारपण तरी असतं नाहीतर भांडण. आणि असं दार बघून हाक न मारता जो पुढं जातो, तो शेजारी कसला?

पहिली आली शेजारची झुंबरबाई.

"गोरक्षा, दार का लावलंय रं?"

"काही नाही मावशी. पाहुणे आहेत."

"आजारी हायेत?"

"नाही."

"मंग भांडल्यात?"

"नाही मावशी. त्यांना एकांत पाहिजे."

"ह्या वयात?" मावशी तिथंच जमिनीवर बसली. "जरा टेकते अन् जाते."

टेकलेली बाई कधी उठलीय? तिला बसलेली बघून पाण्याला निघालेल्या दोघी थांबल्या. त्यांना बघून गुरांमागचे थांबले. मी प्रत्येकाला सांगत होतो, "काही नाही, तुम्ही जा." काहीतरी आहे म्हटलं तर एखादा बिचकून निघून तरी जातो. काही नाही म्हटलं की माणूस जागचा हलत नाही.

"पळून आलेलं जोडपं आसंल," एकजण म्हणाला.

"पन्नाशीचं?"

"घरच्यांनी लई वर्सं आडवलं आसंल."

"आन् ह्यो गोरक्ष बाजलं टाकून का बसलाय? कोंडलंय का काय त्येंना?"

कुणी डोकावू नये म्हणून मी खिडकीवर बाहेरून गोणपाट ठोकलं. ठोकठोक ऐकून वरच्या आळीतली माणसं आली. आसाराम टपरीवालाही खांद्यावर फडकं टाकून हजर.

"टपरी कुणावर टाकून आलास?" मी विचारलं.

"दोन गिऱ्हाईकं बसल्यात. दुधाकडं बघा म्हनलं त्येंला. लई गरीब मानसं हायेत."

तेवढ्यात गर्दीतून वाट काढत पोलीस पाटील श्रीमंतराव आले. त्यांनी दार बघितलं, गोणपाट बघितलं, मला बघितलं.

"हाक मार."

"साहेब झोपलेत."

"गोरक्षा, हाक मार म्हनलं ना."

मी दार वाजवलं. "साहेब?" काही नाही. "बाई?" काही नाही. पहिलेच पाहुणे, आणि आत काही बरंवाईट झालं असलं तर? खरं सांगायचं तर आत चाललंय काय, या विचारानं सकाळपासून माझाही जीव टांगणीला लागला होता, पण ते राखणदारानं बोलून दाखवायचं नसतं.

"हो बाजूला," पाटील म्हणाले. तिघांनी खांदा लावला. कडी उडाली आणि दार बिजागरीतून निखळून आडवं पडलं. मागोमाग सगळा गाव आत घुसला.

आत कुणी नव्हतं. बॅग होती, दांडीवर टॉवेल आणि पातळ होतं, उशाशी चष्म्याचं घर होतं. परसाकडचं दार नुसतं लोटलेलं.

"ग्येलं गं बाई," म्हणून झुंबरबाईनं कपाळाला हात लावला. सगळ्यांनी धरणाकडं बघितलं.

"काय झालं हो? कसली गर्दी आहे?" मागून कुणीतरी विचारलं.

वळून बघतो तर दारात इंदूबाई उभ्या, आणि त्यांच्यामागून शामकांतराव टाचा उंचावून आत बघायच्या खटपटीत. आपल्याच खोलीत! मग त्यांना आसाराम दिसला.

"तुमचं दूध उतरवून ठेवलंय," ते म्हणाले. "लवकर येतो म्हणाला होतात."

"साहेब, तुम्ही बाहेर गेलात कधी?" मी विचारलं.

"दारात तुम्ही बसलेले, मग या मावशी, मग आणखी कोणकोण. पुढच्या दारानं बाहेर पडायची लाजच वाटायला लागली. म्हणून मागच्या दारानं टपरीवर गेलो. तिथं काय शांतता होती हो!"

एवढं बोलून त्यांनी दांडीवरच्या पातळाकडं आणि त्याभोवतीच्या गावाकडं बघितलं. "उद्या सकाळच्या जीपनं निघतो आम्ही," ते हळूच म्हणाले. पुष्पावतीनं आतून एक पोतं ओढत आणलं आणि खोलीच्या भिंतीला लावून ठेवलं.

दार काही त्या दिवशी बसलं नाही. रात्री ते उंबऱ्याला टेकवून मी बाहेर झोपलो, उजाडल्यावर बाजूला ठेवलं. खोली उघडी पडली. आणि माणसं त्याच रस्त्यानं गेली, पण एकाचीही मान वळली नाही. झुंबरबाई शेण घेऊन सरळ गेली, बायका पाण्याला गेल्या, पाटील तंबाखू मळत गेले. उघड्या दाराकडं बघायचं काय? साहेब लोळत वर्तमानपत्र वाचत होते, बाई त्यांना काहीतरी सांगून हसत होत्या. सकाळची जीप आली आणि रिकामी गेली. पाहुणे आणखी दोन दिवस राहिले.

कुणीही बघितलं नाही, हे मी छातीठोक सांगतो. कारण कुणी बघतंय का, यावर नजर ठेवायला मी दोन्ही दिवस समोरच्या गोठ्यात, आतल्या अंधारात बसून होतो.

निघताना साहेबांनी माझा हात हातात घेतला. "गोरक्षराव, लग्न झाल्यापासून इतकं निवांत बोललो नव्हतो आम्ही. पुढच्या वर्षी नक्की येऊ." मी पुष्पावतीकडं बघितलं. तिनं पोतं ओढत परत आमच्या घरात नेलं. खोली माझी झाली होती.

जीपमध्ये चढता चढता इंदूबाई थांबल्या आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "सगळा गाव चांगला आहे हो. फक्त समोरच्या गोठ्यात एक माणूस सारखा आमच्याकडं बघत बसायचा. त्याला तेवढी समज द्या."

"देतो," मी म्हणालो.