वरच्या खोलीत कोण वाजवतंय

जावयाला चांगलं म्हणायची अक्कांची तयारी होती. जावईच संधी देत नव्हता. चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांचे डोळे तपासायचे, घरी यायचं आणि वरच्या खोलीत गिटार घेऊन बसायचं. अख्खं गाणं वाजवलं असतं तर अक्कांनी एक वेळ ऐकूनही घेतलं असतं. पण हा जुन्या इंग्रजी रॉक नि ब्लूज गाण्यांचे नुसते तुकडे शिकत होता. एकच तुकडा, जेमतेम आठ-दहा सुरांचा. शेवटाला आला की अडखळायचा आणि पुन्हा पहिल्यापासून.

"लोकांना चष्मे देतो," अक्का लेकीला म्हणत, "आणि आपण रोज कुठे पडतो ते याला दिसत नाही का गं?"

त्यात विहीणबाई राहायला यायच्या होत्या. राहायला म्हणजे लेकाला आणि सुनेला कायमचं आपल्या घरी न्यायला. फोनवर त्यांनी तसं साखरेत घोळून सांगितलंच होतं. ही दोघं गेली की एवढ्या घरात उरणार अक्का आणि भिंती. विहीणबाईंना नावं ठेवायला जागा नको, म्हणून जावई दुकानात जाताच अक्कांनी वरची खोली लखलखीत केली. गिटार, तिचा आवाज मोठा करणारी पेटी आणि पायाने दाबायचं एक डबडं, सगळं वायरींसकट कोपऱ्यात रेटलं, वर गाद्यांची वळकटी टेकवली आणि बाहेरून कडी घातली.

दुपारी विहीणबाई आल्या. चहाचा पहिला घोट घेतात न घेतात, तोच वरून गिटार वाजू लागली.

"कामावर गेला नाही का हो तो?"

"गेलाय की. डबा माझ्याच हातचा नेलाय."

"मग सूनबाई?"

"तीही कामावर. वर कोणी नाही."

दोघींनी छताकडे पाहिलं. तोच तुकडा. तीच अडखळ. पुन्हा पहिल्यापासून.

"भूत असेल तर अजून शिकाऊ आहे," अक्का म्हणाल्या आणि कप ठेवून जिन्याकडे निघाल्या.

वर कडी जशीच्या तशी होती. अक्कांनी ती काढली. खोली रिकामी. गाद्या घसरून डबड्यावर पडलेल्या. गिटार भिंतीला टेकून उभी, आणि सूर चालूच. गाद्यांखालून एक लाल दिवा डोळा मिचकावत होता.

"तारा हलत नाहीयेत," विहीणबाई पुटपुटल्या.

"दिसतंय मला. नजर शाबूत आहे माझी."

अक्कांनी गाद्या ओढल्या. त्यात पाय डबड्यावर पडला आणि तोल सावरताना हात गिटारच्या तारांवर आपटला. झण्ण! अक्का मागे सरल्या. तुकडा एकदा फिरला, आणि कोणी हात न लावता पुन्हा झण्ण.

"तुमची नक्कल करतंय ते," विहीणबाईंनी दाराची चौकट धरली.

अक्कांनी झाडू उचलून गिटारला दोन टोले हाणले. पुढच्या फेरीला तुकडा, झण्ण आणि धप् धप्. जन्मात अक्कांना कोणी उलट बोललं नव्हतं. आज रिकामी खोली बोलत होती. त्यांनी हाताला लागला तो प्लग उपटला. टेबलफॅन बंद पडला. सूर चालूच.

विहीणबाईंनी जिन्यात बसून लेकाला फोन लावला. दुकान जवळच होतं. तो धापा टाकत आला, डबडं पायाने दोनदा दाबलं, आणि खोली गप्प झाली.

"अगं आई, आपण वाजवलेलं हे धरून ठेवतं आणि फिरवून फिरवून ऐकवतं. मी सकाळी वाजवून झाल्यावर बंद करायला विसरलो. गाद्या खटक्यावर पडल्या, ते सुरू झालं. मग अक्कांचा पाय पडला, तेव्हा अक्काही त्यात धरल्या गेल्या. सेलवर चालतं सगळं."

विहीणबाईंना पटलं, पण घाम काही आटला नाही. "तू घरी चल. दोघंही चला. पण ही गिटार नि हे डबडं माझ्या दारात यायचं नाही."

जावयाने गिटारकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि शेवटी, फारशी आशा न ठेवता, अक्कांकडे.

खोली आता जशी गप्प होती, तसंच उद्यापासून अख्खं घर गप्प असणार होतं. अक्कांनी झाडू खाली ठेवला आणि गिटारवरचा केर हाताने पुसला.

"जावईबापू, तुम्ही वाजवता अगदी टुकार. ते दुसऱ्याच्या घरी नेऊन माझी अब्रू घालवायची नाही. इथेच वाजवायचं, माझ्या डोक्यावर बसून."