फुकटचं आभाळ

"आभाळाचं लोकायले रोज सांगत जाजो, पार्बता. एक दिवस चुकवू नोको."

पार्बताबाईंच्या यजमानांचं, सूर्यभानजींचं, हे शेवटचं सांगणं. ते होते तोवर अकोला आकाशवाणीवरचं हवामान ऐकायचे आणि सकाळच्या आरतीनंतर मारुतीच्या देवळातल्या भोंग्यावरून गावाला सांगायचे. ते गेले, पाठोपाठ रेडिओनेही मान टाकली. मग पार्बताबाईंनी मोबाइल घेतला. तो देव्हाऱ्यात बाळकृष्णाशेजारी राहायचा. अंघोळीशिवाय त्याला हात नाही, आणि भोंग्यावर आभाळ सांगितल्याशिवाय तोंडात पाण्याचा थेंब नाही! सरकारी हवामानाचं पान उघडायचं, त्यात अमरावती जिल्हा शोधायचा आणि वाचायचं. आपल्याला विचारल्याशिवाय गावात कोणी विळा उचलत नाही, हे त्या हळू आवाजात का होईना, पण सगळ्यांना सांगत!

त्या मार्गशीर्षात त्या अंजनगावला नईमच्या दुकानी नेटपॅक भरायला गेल्या. नईम मोबाइल कंपनीनं दिलेला पिवळाधमक टीशर्ट घालून हळद लागलेल्या नवरदेवासारखा बसला होता.

"काकू, पॅक कायले भरता? हे नवीन सिम घ्या. याच्यात नेट फुकट!"

"सगळंच?"

"कंपनीनं निवडली तेवढी पानं. बाकीची पैसे टाकून."

"मले काय सारं जग पाह्याचं हाय का, बापा? मले आभाळ पाह्यजे."

"आभाळ हाय ना!"

दुसऱ्या दिवशी सरकारी पान काही उघडेना. चाक आपलं घाण्याच्या बैलासारखं गोल गोल फिरतंय! कंपनीचं स्वतःचं पान मात्र टचकन उघडलं. हसरा सूर्य, आणि खाली 'महाराष्ट्र : आकाश स्वच्छ'.

"महाराष्ट्रात आपण येतोच की!" असं म्हणून पार्बताबाईंनी भोंग्यावर तसं सांगून टाकलं. थंडीचे दिवस, आकाश खरंच स्वच्छ. रोज तेच वाचायचं, रोज तेच खरं व्हायचं. श्रद्धा बसायला आणखी काय लागतं?

मग एक संदेश आला. 'दिल्लीत काही लोक तुमचं फुकट इंटरनेट बंद पाडू पाहत आहेत. त्यांना सगळं नेट सारखंच खुलं हवंय. तुम्ही होय दाबा, आमचं म्हणणं दिल्लीला कळवा आणि हा संदेश अकरा जणांना पाठवा.'

अकरा जणांना! पार्बताबाईंच्या लहानपणी अशी देवीची कार्डं यायची. जो पुढे पाठवणार नाही त्याचा बैल मरायचा. विषाची परीक्षा कोण घेणार? त्यांनी महालक्ष्मीच्या उद्यापनाच्या हळदीकुंकवालाच त्याचा घाट घातला. प्रत्येकीला एक केळं, एक पोथी आणि एक होय! जिच्याकडे मोबाइल नव्हता तिनं नवऱ्याचा आणला.

"हे काय व्हय, काकू?" देवीदासच्या बायकोनं विचारलं.

"वाण समज. दाब."

सगळ्याजणींनी होय दाबलं आणि सवयीनं मोबाइलला हात जोडले.

त्याच आठवड्यात शेजारचा देवीदास आला. "काकू, तूर कापू का?"

त्या साली पावसानं दगा दिला होता. सोयाबीनच्या शेंगा पोचट निघाल्या, कपाशी गुडघ्याच्या वर गेली नाही. विहिरीच्या गाळातलं पाणी देऊन देवीदासनं तेवढी तूर जगवली होती. लेक पौर्णिमा अकोल्यात नर्सिंग शिकत होती, ती त्या तुरीच्या भरवशावर.

"काप बिनघोर! महाराष्ट्रभर स्वच्छ हाय!"

त्यानं कापली, वावरात वाळायला पसरली. आणि भरदुपारी मेळघाटाकडून आभाळ काळं झालं. आधी गारा, मग पाऊस, दुसऱ्या दिवशीही पाऊस. शेंगांतल्या दाण्यांना मोड आले, उरलेली तूर काळी पडली.

पार्बताबाई पहिल्या एसटीनं नईमकडे.

"काकू, सरकारी पानावर आधीच इशारा आलता की."

"मंग मले काहून नाही दिसला?"

"ते फुकटात येत नाही ना."

"अरे, पण महाराष्ट्र लिवलं होतं!"

"काकू, त्यायचा महाराष्ट्र मुंबईत सुरू होते अन् कसाऱ्याच्या घाटात संपते."

"अन् ते दिल्लीत भांडणारे? ते काय म्हनून राह्यले?"

"हेच! सडक एक हाय, तं कोनाच्याबी दारी जाता आलं पाह्यजे. कोनतं दार उघडाचं, हे सडकवाल्यानं ठरवू नये."

"अन् आपन त्यायच्याच इरोधात होय दाबलं?"

नईमनं टीशर्टावरची नसलेली धूळ झटकली. "मीबी दाबलं, काकू."

दुसऱ्या दिवशी आरतीला देवीदास बायकोसह आला. पौर्णिमा आदल्या दिवशीच पेटी घेऊन घरी परतली होती. तो भांडला असता, तर पार्बताबाईंना सोसलं असतं! पण त्यानं नेहमीसारखंच विचारलं, "काय म्हनते काकू, आज आभाळ?"

भोंगा चालू होता. पार्बताबाई म्हणाल्या, "मले माईत नाही." सगळ्या गावानं ऐकलं.

मग भोंगा बंद करून त्या म्हणाल्या, "देवीदास, हे होय मी एकेकीजवळून माघारी आनतो. अन् दिल्लीले सह्यांचं पत्र धाडतो. माहा शब्द हाय."

"देल्लं वान माघारी घेते का कोनी?" देवीदासची बायको म्हणाली. "पाप लागते, काकू."

"लागू दे. माह्या नावानं लागू दे."

पुढच्या सकाळी त्यांनी पैसे भरून सरकारी पान उघडलं, अमरावती जिल्हा दोनदा वाचला आणि भोंग्यावर सांगितला. मग घरी येऊन मोबाइल देव्हाऱ्यात न ठेवता फळीवर ठेवला. हळदीकुंकवाचं ताट घेतलं, कोरा कागद घेतला, आणि त्या आधी देवीदासच्याच घराकडे निघाल्या.

वर आकाश अगदी स्वच्छ होतं. सरकारी पानही तेच म्हणत होतं. पार्बताबाईंनी तरी छत्री घेतली होती!