मधली जागा आईची

वाट्यांवर नाव टाकून द्यायला दुकानदार तयार होता, तेही फुकट. वैजनाथने नकारार्थी मान हलवली. आईच्या वर्षश्राद्धाला पाहुण्यांना द्यायच्या वाट्या. नाव पोरानेच कोरायला हवं. आईने, बायडाबाईंनी, जन्मभर भांडी घासली, पण घरातल्या एकाही भांड्यावर त्यांचं नाव नव्हतं. हंड्यावर सासऱ्याचं, ताटांवर नवऱ्याचं. वैजनाथला ते आता फार लागलं होतं. (आई असताना का लागलं नाही, असं बायकोने, सविताने, विचारलं.)

मग त्याने कोरायचं छोटं मशीन आणलं. पेनासारखं हातात धरायचं, टोक गरागरा फिरतं. आधी कमी स्पीडवर सराव करा, असं सोबतच्या कागदावर होतं. सुप्याच्या कंपनीत उमेदीची वर्षं घालवलेल्या माणसाला कागद काय शिकवणार? त्याने स्पीड पुरता वाढवला. पहिल्या वाटीवर ‘कै. बायडाबाई’ उमटलं, वेडंवाकडं का होईना, आणि शेवटच्या अक्षराला टोक आरपार गेलं.

वैजनाथने कंपनीची पद्धत धरली. एक काम सगळ्या मालावर उरकायचं, मगच दुसरं. आधी उरलेल्या प्रत्येक वाटीवर ‘कै.’ कोरलं. मग खाली देणाऱ्याचं, म्हणजे स्वतःचं नाव, कारण ते हाताच्या सवयीचं. मधली जागा आईची. ते नाव मन लावून कोरायचं होतं.

श्राद्धाच्या सकाळी त्यासाठी मशीन सुरू केलं, तर जळका वास आला आणि ते कायमचं गप्प झालं. अंगणात पाहुणे उतरत होते.

जेवणं झाल्यावर वाट्या तशाच वाटल्या, तेव्हा चुलते आप्पासाहेबांनी वाटी डोळ्यांजवळ धरली. ‘कै. वैजनाथ.’ त्यांनी पुतण्याकडे नीट पाहिलं.

“जित्या मानसाच्या नावाची वाटी घरात कोन नेनार, बाबा?”

“मधी आईचं नाव यायचं हुतं, आप्पा.”

आप्पासाहेबांनी वाटी हळूच खाली ठेवली. मग सगळ्यांनीच ठेवल्या. वैजनाथला रडू फुटलं. आईचं नाव तेवढं पुन्हा राहिलं होतं.

मावशी लंकाबाई म्हणाली, “मला ती भोकाची दे. तिच्यावर माजी बहीन हाय.” तिने ती वाटी पदरात गुंडाळून नेली.

संध्याकाळी सविता उरलेल्या वाट्या पोत्यात भरू लागली.

“भंगारात घाल,” वैजनाथ म्हणाला.

“कशाला?” तिने पोतं माळ्यावर सरकवलं. “तुमचं नाव लई चांगलं आलंय. फुडं लागतीलच.”