मास्तरांचं कपाट रस्त्यावर

केशवराव मास्तरांच्या मनात एखादी गोष्ट आली की ती झाल्याशिवाय त्यांना पाणी गोड लागत नसे. यंदा त्यांच्या मनात समोरच्या खोलीला रंग द्यायचं आलं होतं. कारणही तसंच होतं. दिवाळीच्या तोंडावर राज्यांच्या पुनर्रचनेत नागपूर मुंबई राज्यात जाणार होतं आणि त्यांचं गाव सौंसर मध्य प्रदेशातच राहणार होतं. इकडे राहता की तिकडे जाता, असं सरकारी नोकरांना विचारलं गेलं. शाळेतले बरेच मास्तर तिकडे निघाले. केशवरावांनी 'राहतो' म्हणून कळवलं आणि त्याच आनंदात नत्थूजी रंगाऱ्याला बोलावलं.

घर बापूजींच्या मालकीचं, भाड्याचं आणि बरंच जुनं. पण मास्तरांच्या बायको वच्छलाबाई लग्न होऊन आल्या त्या याच घरात, आणि आता ते भाड्याचं आहे हे त्या विसरूनही गेल्या होत्या. नत्थूजींनी भिंतीवर नख फिरवलं तर भाकरीएवढा पोपडा खाली आला.

"मास्तर, खोली साफ खाली करा," ते म्हणाले. "जुना चुना खरवडल्याबिगर नवा धरत नाई."

आत स्वयंपाकघराखेरीज जागा नव्हती, म्हणून सामान रस्त्यावर आलं. कपाट, पलंग, पेट्या, गाद्यांची वळकटी आणि वर देवांच्या तसबिरी. मग मास्तर तोंडाला फडकं बांधून स्वतःच खिळे उपटू लागले. खिळ्यांबरोबर भिंतही येत होती, त्यामुळे नत्थूजींना भोकं बुजवायचं काम वाढत होतं. तेवढ्यात एका बैलगाडीवाल्याने दारात गाडी थांबवून सामान ठेसनावर न्यायचं का म्हणून विचारलं. मास्तरांनी आतूनच 'जा जा' असा हात केला. दुसरी गाडी ठरलेली दिसते, असं समजून तो पुढे गेला आणि बाजारात पोचल्यावर मास्तर निघाले म्हणून सांगत सुटला.

पहिल्यांदा शेजारच्या अंबाबाई आल्या. त्यांच्या हातात वच्छलाबाईंचा वरवंटा होता. कधी नेला होता ते दोघींनाही आठवत नव्हतं.

"वयनी, तुमचा वरवंटा घ्या. जाणाऱ्या मानसाची वस्तू ठेवू नये."

"आम्ही कुठी जाऊन राहिलो? रंग देऊन राहिलो घराले."

"मले नोका सांगू. जे गेले ते सारे शेवटपर्यंत असंच म्हणत होते," अंबाबाई म्हणाल्या आणि त्यांनी डोळ्यांना पदर लावला.

मग सगळी गल्लीच आली. कुणी शिडी परत आणली, कुणी पितळी परात, कुणी काच फुटलेला कंदील. सामान कमी व्हायचं ते वाढतच चाललं. प्रत्येक बाई वच्छलाबाईंच्या गळ्यात पडून रडत होती. त्या कुठेही जाणार नव्हत्या, तरी त्यांनाही रडू आवरेना.

मास्तरांना हसू येत होतं, पण ते फार वेळ टिकलं नाही. पांढुर्ण्याहून बदलून आलेल्या गुणवंता नावाच्या कारकुनाला बापूजींनी हे घर देऊन टाकल्याची बातमी आली. मास्तर चुन्याने माखलेल्या अंगानेच बापूजींकडे धावले.

"मी शब्द देऊन बसलो, मास्तर. पेढाही खाल्ला," बापूजी म्हणाले.

"पण मी जाऊनच नाई राहिलो तर घर देता कसं?"

"मंग कपाट रस्त्यावर काहून हाय?"

रंगाचं सांगितलं तर बापूजी म्हणाले, घर सोडताना कुणी रंग देत नाही हे मलाही कळतं, पण तुमच्यासारखा भला माणूस देईलही. शेवटी दिवस मावळायच्या आत सामान आत दिसलं तर मी शब्द परत घेईन, एवढं त्यांनी कबूल केलं.

मग जी धावपळ उडाली ती विचारू नका. रडणारी गल्लीच आता पलंग उचलू लागली. बायको-पोरं घेऊन घर बघायला आलेल्या गुणवंतालाही कुणीतरी कपाटाचं एक टोक धरायला लावलं आणि त्याने ते मुकाट्याने धरलं. तिन्हीसांजेला बापूजी आले. खोली छतापर्यंत भरलेली होती. मास्तर गेले की घर तुमचंच, असं त्यांनी गुणवंताला सांगितलं आणि ते परत गेले. खरवडलेली भिंत कपाटामागे तशीच राहिली. नत्थूजी कालवलेला चुना घेऊन दारात उभे होते, पण त्यांना आत पाय ठेवायला जागा नव्हती.

पुढच्या दिवाळीला मास्तर सावध होते. सामान काढण्याआधी त्यांनी शाळेतली पाटी आणली, तिच्यावर वळणदार अक्षरात 'रंगकाम चालू आहे. आम्ही येथेच राहणार आहोत' असं लिहिलं आणि ती दाराला टांगली. मग निर्धास्तपणे कपाट रस्त्यावर काढलं. नत्थूजींनी खरवडायला सुरुवात केली.

थोड्या वेळाने मास्तर बाहेर आले तर पाटीसमोर माणसं जमली होती.

"राहाचंच असतं तर लिहून कायले ठेवलं असतं?" अंबाबाई सगळ्यांना समजावून सांगत होत्या. त्यांच्या हातात वरवंटा होता. गुणवंता सर्वात पुढे उभा होता आणि त्याच्या हातात पेढ्यांचा पुडा होता.

"मास्तर, यंदा पक्कं ना?" त्याने फार अदबीने विचारलं.

मास्तरांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा पुड्याकडे. मग पाटी उतरवून काखेत मारली.

"गुणवंताजी," ते म्हणाले, "कपाटाचं ते टोक धरा."

गुणवंताने पुडा अंबाबाईंकडे दिला आणि मागच्या वर्षीचंच टोक धरलं. नत्थूजी न विचारताच चुन्याची बादली उचलून घरी निघाले.