किसनभाऊंच्या घुगऱ्या

आमच्या शेजारचे किसनभाऊ टाटा करतात तेव्हा जाणारी माणसं परत येतात.

म्हणजे असं, की तुम्ही त्यांच्याकडून निघालात, चपला घातल्या, फाटकापर्यंत पोचलात आणि वळून पाहिलंत, तर किसनभाऊ ओट्यावर उभे राहून हात हलवत असतात. पण तळहात स्वतःकडे आणि हाताची पाठ तुमच्याकडे. कोणालाही वाटावं, बोलावतायत. माणूस परत येतो. "काय म्हनता भाऊ?" "काही नाई. जा ना." माणूस जातो, पुन्हा वळून पाहतो, हात पुन्हा तसाच. आमच्या शाळेत बदलून आलेल्या एका मास्तरांनी एका दुपारी अशा तीन खेपा केल्या. चौथ्यांदा ते मागे न पाहता गेले ते आजतागायत तिकडं फिरकले नाहीत.

मी एकदा विचारलंच.

"पंजा दाखवत नसतेत सर कोनाच्या तोंडासमोर," ते दबक्या आवाजात म्हणाले. "तिकडं पंजा दाखोला म्हंजे मायबहिनीवरून शिवी देल्ली. डोकी फुटतेत."

"पण भाऊ, आपण इकडं आहोत."

"हे बी खरं हाय," असं म्हणून ते स्वतःच्या तळहाताकडे बराच वेळ पाहत राहिले. जणू तो नवीनच सापडला होता.

तिकडं म्हणजे ग्रीसमध्ये. वाशिमच्या मालेगावहून रिसोडकडे जाताना लागणाऱ्या आमच्या गावाला हा देश समजायला फार त्रास झाला. ग्रीस म्हटलं की आमच्याकडे ट्रॅक्टरच्या बेअरिंगला लावतात ते. 'किसन एकवीस वर्षं ग्रीसमधी होता' हे ऐकून पुष्कळांची समजूत अशी, की गडी कुठल्यातरी मोठ्या गॅरेजात होता. अजूनही कोणाची मोटारसायकल करकरली की ती त्यांच्या दारात आणून उभी करतात. तेही बिचारे दोन थेंब तेल सोडून देतात.

खरी हकीकत अशी, की तरुणपणी ते मुंबईला जाऊन जहाजावर खलाशी म्हणून लागले. ते जहाज ग्रीसच्या एका बंदरात अडकलं ते अडकलंच. मालक गायब, पासपोर्ट मालकाजवळ. चार महिने वाट पाहून किसनभाऊ एक दिवस चालत डोंगरावरच्या गावात गेले आणि तिथं जैतुनाच्या, म्हणजे ऑलिव्हच्या, बागांत कामाला लागले. वासो नावाच्या एका म्हाताऱ्या विधवेनं त्यांना घराला लागून असलेली खोली दिली. लग्न केलं नाही. पाच वर्षांपूर्वी वासोबाईला तिच्या पुतण्यानं शहरात नेलं, तेव्हा किसनभाऊ गावाकडं परत आले. इथं धाकटा भाऊ देविदास, त्याची बायको सुशीला आणि सात एकर सोयाबीन आहे. देविदासनं भावाला घरात घेतलं, पण तोंडभर बोलला कधी नाही. आई वारली तेव्हा किसनभाऊ आले नव्हते. 'मायच्या मातीले आला नाई' हे एक वाक्य त्यानं मनात घट्ट धरून ठेवलं होतं.

किसनभाऊंची खरी अडचण म्हणजे 'ने'. ग्रीक भाषेत 'ने' म्हणजे 'हो'. आणि 'नाही' म्हणायचं तर ते नुसती मान वर झटकतात, जी आपल्याकडे 'काय?' अशी वाचली जाते. आल्यानंतरचे पहिले तीन महिने सुशीला विचारायची, "भाऊजी, भाकर वाढू का आनखी?" हे म्हणायचे, "ने!" ती टोपली घेऊन जायची. मग ते नुसतेच ताटाकडे पाहत बसायचे. पोट भरल्यावर तिनं विचारलं की हे मान वर झटकायचे. तिला वाटायचं, ऐकू आलं नाही. ती आणखी मोठ्यानं विचारायची, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं.

"सर, मी 'ने' म्हनतो?" मी उलगडा केल्यावर ते चकित झाले. "मले तं वाटते मी 'हो' म्हनून राह्यलो."

याच्या उलटं तिकडं झालेलं. पहिल्या दिवशी वासोबाईनं भात भरलेले टमाटे वाढले. हे पोट भरल्यावर आपल्या पद्धतीनं "नै, नै" म्हणू लागले. बाई खूश. त्यांनी जितक्या वेळा नै म्हटलं तितके टमाटे ताटात पडले.

"नऊ खाल्ले," किसनभाऊ सांगतात. "दहाव्याले मले रडू आलं. तिले वाटलं, घरची आठवन आली. तिनं डोक्यावरून हात फिरोला अन् अकरावा वाढला."

तिकडच्या गावात म्हणे चौकातल्या मोठ्या झाडाखाली हॉटेल असतं. एक कॉफी आणि एक गिलास पाणी यावर माणसं अख्खी दुपार काढतात, कोणी उठवत नाही. किसनभाऊ हाच प्रयोग आमच्या स्टँडवरच्या हॉटेलात करतात. एक कट चहा, एक गिलास पाणी आणि तीन तास. हॉटेलवाला त्यांच्या कोपराखालचं टेबल पाचदा पुसतो. "झाला काय भाऊ चहा?" म्हणून विचारतो. "सिगा सिगा," किसनभाऊ म्हणतात. म्हणजे हळूहळू, घाई काय आहे. हॉटेलवाल्यानं पहिल्यांदा मुकाट्यानं सिगारेट आणून ठेवली होती.

लहान लेकरू दिसलं की ते त्याच्यावर 'फ्तू, फ्तू, फ्तू' असं खोटं थुंकतात. नजर लागू नये म्हणून. पहिल्या लेकराच्या आजीनं त्यांना चप्पल दाखवली. अर्थ कळल्यापासून गल्लीतल्या बाया लेकरं घेऊन मुद्दाम त्यांच्या ओट्यापुढून जातात.

असे हे किसनभाऊ गेल्या हिवाळ्यात एका सकाळी आमच्याकडे आले. पांढरा सदरा, दाढी केलेली.

"वहिनी, तुमच्याकडं मोठा गंज हाय ना? पाहिजे होता."

बायकोनं गंज, म्हणजे मोठं पातेलं, काढून दिलं. दहाच्या सुमाराला त्यांच्या अंगणात चुलीवर गहू शिजायला लागल्याचा वास आला. मग ते गहू त्यांनी धोतरावर पसरून कोरडे केले, त्यात साखर, मनुका आणि डाळिंबाचे दाणे मिसळले, आणि गंज काखेत धरून घरोघर वाटायला निघाले.

आता आमच्याकडे गव्हाच्या घुगऱ्या वाटल्या म्हणजे घरात पाळणा हलला, बारसं झालं. दुसरा अर्थच नाही. पहिल्याच दारात विचारणा झाली, "अवं माय! कोनाचं बारसं किसनभाऊ?" किसनभाऊंनी मान वर झटकली. त्या बाईला वाटलं, ऐकू गेलं नाही. तिनं जोरात विचारलं, "नाव काय ठेवलं म्हन्ते मी!" नाव म्हटल्यावर ते म्हणाले, "वासो."

तिसऱ्या दारात कोणीतरी विचारलं, घुगऱ्या घेताना काय म्हणायचं. ते म्हणाले, "तिकडं 'झोई से सास' म्हनतेत." म्हणजे, तुम्हाला आयुष्य लाभो. लोकांना त्यातला 'सास' हा हिंदीतला शब्द तेवढा कळला. तीन वाजेपर्यंत गावाचं म्हणणं ठरलं, की किसनला तिकडं बायको आहे, सासू आहे आणि आता वासो नावाचं नातवंड झालं आहे.

सुशीला पदर तोंडाला लावून आमच्याकडे आली. "सर, तुमीच चला आता. हे लई भडकून राह्यले."

मी गेलो. देविदास अंगणात उभा होता. किसनभाऊ अर्धा रिकामा गंज घेऊन नुकतेच परतले होते आणि आपलं काय चुकलं हे त्यांना कळत नव्हतं.

"तिकडं बिऱ्हाड होतं म्हनून आला नाई ना मायच्या मातीले?" देविदास म्हणाला. पाच वर्षांत त्यानं भावाला विचारलेला हा पहिला सरळ प्रश्न असावा. "सांग ना! आमी इथं वाट पाह्यत होतो. मायच्या डोळ्यात जीव अडकला होता."

"बिऱ्हाड? कोनाचं बिऱ्हाड?" किसनभाऊंनी माझ्याकडे पाहिलं.

"भाऊ, घुगऱ्या कशाच्या वाटल्या तुम्ही?" मी विचारलं.

"घुगऱ्या नाई हो सर त्या," ते म्हणाले. "वासोबाई गेली. आज चाळीस दिवस झाले. पुतण्याचा फोन आल्ता. तिकडं मानूस गेलं का चाळिसाव्या दिवशी गहू शिजोतेत अन् गावाले देतेत. पुतण्या शहरातला, तो काय शिजोनार? म्हनून म्या शिजोले."

 घुगऱ्या खाऊन हसलेल्या आम्हा सगळ्यांची तोंडं गोड होती आणि आता त्यांचं काय करावं कळत नव्हतं.

किसनभाऊ ओट्याच्या पायरीवर बसले. "माय गेल्याची चिठ्ठी आली तवा माह्याजवळ कागद नव्हते, देविदास. पासपोर्ट नाई, काही नाई. दोनदा बंदरावर जाऊन आलो. पोलिसांनी वापस हाकललं. खोलीत पडून राह्यलो. वासोबाईनं चिठ्ठी पाह्यली. तिले वाचता येत नव्हती, पन समजलं. तिनं मायचं नाव विचारलं. म्या सांगतलं, गिरजा. चाळिसाव्या दिवशी तिनं एवढाले गहू शिजोले अन् चर्चात घेऊन गेली. पाद्री म्हने, ही बाई आपल्या धर्मातली नाई. वासोबाई म्हने, माय तं हाय ना कोनाची? त्यानं वाचलं मंग. 'गिर्जा' म्हने. सारं गाव रांगेत उभं राह्यलं, अन् मायच्या नावानं एकेक मूठ खाल्ली."

"मंग कागद झाल्यावर तरी यायचं," देविदास म्हणाला, पण आवाज उतरला होता.

"माय नाई त्या घरी कोन्या तोंडानं येऊ, असं वाटे."

देविदासनं गंजात डोकावून पाहिलं. मग म्हणाला, "मायच्या टायमाले यात मनुका होत्या काय?"

"होत्या."

"मायले मनुका लई आवडत."

"वासोबाईले काय माहीत? तिनं आपल्या मनानंच टाकल्या."

देविदासनं गंजात हात घातला, मूठभर गहू तोंडात टाकले आणि चावत राहिला. मग त्यानं गंज उचलून खांद्यावर घेतला.

"खालच्या गल्लीत देल्ले नाई तू," तो भावाला म्हणाला आणि निघाला. मी आणि किसनभाऊ त्याच्या मागं.

खालच्या गल्लीतल्या पहिल्याच दारात एक म्हातारी बसली होती. ओंजळ पुढे करत तिनं विचारलं, "कोनाचं बारसं रे बाप्पा?"

देविदास जरा अडखळला. गहू तिच्या ओंजळीत घातले आणि म्हणाला, "बारसं नाई आजी. आमची मोठी माय वारली. तिकडं राहत होती."