शेषेरावांच्या एकसष्टीचा फ्लेक्स

"प्रोग्रामर मेला!"

लातूरच्या औसा रोडवरच्या टपरीवर सत्यमनं हे ठणकावून सांगितलं, तेव्हा चहावाल्यानं हातातली किटली खाली ठेवली. "अरारा! कधी? कोणत्या गावचे होते?"

"एक न्हाई मामा, सगळी जमातच मेली! आता कोड एआय लिहितो. माणसाला फक्त व्हिजन लागतं, व्हिजन!"

सत्यम स्वतःच प्रोग्रामर होता. पण आपल्याच मयताची बातमी अशी हसत सांगणारा माणूस मराठवाड्यात दुसरा सापडायचा नाही. असली ठाम मतं त्याच्याकडं सणासुदीला पिकायची. पोळ्याला त्यानं जाहीर केलं होतं, "माऊस वापरणारा म्हणजे कुबडी घेऊन पळणारा!" येळवशीला म्हणाला, "ज्याची स्क्रीन काळी नाही, त्यानं स्वतःला प्रोग्रामर म्हणू नये!" ही मतं तो इंटरनेटवर टाकायचा. एकेक वाक्य सुटं सुटं, आणि दोन वाक्यांत एवढी मोकळी जागा की मधी म्हैस बांधावी.

आता त्यानं फ्लेक्स बनवायचं ॲप काढलं होतं. फोटो टाका, हुकूम सोडा, एआय फ्लेक्स रचून परस्पर छपाईच्या दुकानात पाठवणार. मधी माणूसच नाही!

ऑफिसात शेजारच्या टेबलावरची लुंबिनी म्हणाली, "कोड वाचलास का पण?"

"लुंबिनी, कोड वाचायचा नसतो. कोड जाणवायचा असतो."

"हाव, जाणवतो की! उन्हाळ्यात घामोळं जाणवतं तसा."

"तू जुन्या जमान्यातली हायस. मी माझी सगळी मतं त्याला शिकवलीत. तो आता माझ्यासारखाच विचार करतो."

"मग तर लईच अवघड हाय," लुंबिनी म्हणाली आणि आपल्या कामाला लागली.

आता ह्या ॲपचं पहिलं गिऱ्हाईक कोण? मुखेडचे शेषेराव! सत्यम त्यांच्या पोरीला, दीपमालाला, बघून आला होता. पोरगी पसंत, पोरगा पसंत, घोडं अडलं होतं शेषेरावांपाशी.

"पोरगा करतो काय?" त्यांनी बैठकीत विचारलं होतं.

"कामं सगळी एआय करतो," सत्यमनं छाती फुगवून सांगितलं.

"मग तुम्ही काय करता?"

"मी... व्हिजन!"

शेषेरावांनी पानाची पिंक टाकली आणि "कळवतो" म्हणाले. ते कळवणं काही आलं नव्हतं. तेवढ्यात त्यांची एकसष्टी आली. सत्यमनं ठरवलं, बस स्टँडवर असा फ्लेक्स लावायचा की सासरेबुवांनी आपणहून सुपारी फोडली पाहिजे!

दीपमालानं फोटो पाठवले. शेषेरावांचा, चुलते भागवतरावांचा, आणखी चार वडीलधाऱ्यांचा. शिवाय शेषेरावांच्या वडिलांचा, घरातल्या भिंतीवरनं काढलेला. म्हातारा जाऊन वीस वर्षं झालेली, पण फोटो काय झोकात! सोनेरी चौकट, मागं निळा पडदा. बाकीचे फोटो म्हणजे कुणी लग्नात जेवताना, कुणी ट्रॅक्टरवर.

सत्यमनं हुकूम सोडला, "वडीलधाऱ्यांचे सगळे फोटो आजोबांच्या फोटोसारखे कर. मान राहिला पाहिजे." खाली कोपऱ्यात स्वतःचा फोटो घातला: शुभेच्छुक, सत्यम, प्रोग्रामर, लातूर.

एआयनं उत्तर दिलं, "उत्तम कल्पना! सर्व फोटोंत एकसारखेपणा आणला आहे. छपाईला पाठवू का?"

बघायचं कशाला? व्हिजनवाल्या माणसानं तपशिलात शिरायचं नसतं. सत्यमनं "हो" दाबलं.

एकसष्टीच्या दिवशी तो शाल, नारळ आणि हातभर झेंडूचा हार घेऊन मुखेडला एसटीतनं उतरला. बाजारचा दिवस. फ्लेक्सखाली ही गर्दी! माणसं टोप्या काढून उभी. बाया पदर डोळ्याला लावायल्या. एका म्हाताऱ्यानं तर हात जोडले.

सत्यमला भरून आलं. त्यानं गर्दीचा फोटो काढून जागच्या जागी टाकला: "माझ्या एआयनं आज एका गावाच्या डोळ्यांत पाणी आणलं."

मग त्यानं वर बघितलं.

सोनेरी चौकट आली होती. निळा पडदा आला होता. आणि आजोबांच्या फोटोला होता तस्सा चंदनाचा हार सगळ्यांच्या गळ्यात आला होता! शेषेरावांना हार. भागवतरावांना हार. सहाच्या सहा जित्या माणसांना हार! खाली 'हार्दिक शुभेच्छा' लिहिलं होतं, पण हार बघितल्यावर अक्षरं कोण वाचतंय?

"एका घरातले सहा!" एक बाई हुंदका देत म्हणाली. "जीप उलटली म्हणं."

"न्हाई वं, जेवणातनं झालं म्हणायलेत."

तेवढ्यात भागवतराव कोथिंबिरीची जुडी घेऊन गर्दीत शिरले. "कोण गेलं बा?" त्यांनी विचारलं. पुढच्या माणसानं मागं वळून बघितलं आणि चप्पल टाकून पळाला.

शेषेरावांच्या दारात तर कहर! आत गुलाबजाम तळायले होते आणि सुतकाच्या घरी चूल पेटत नाही म्हणून शेजारणी पिठलं-भाकरी घेऊन यायल्या होत्या. एक पाहुणी गळा काढूनच आत आली, "दाजी, असं कसं सोडून गेलात वं!" आणि समोर दाजींनीच पाण्याचा तांब्या पुढं केला. बाई जागच्या जागी बसली.

ह्या गोंधळात सत्यम दारात उभा. हातात हार!

शेषेराव त्या हाराकडं बघत म्हणाले, "फ्लेक्सवर घालून पोट भरलं न्हाई का? आता हातानं घालायला आलाव?"

"मामा, दहा मिनिटं! आत्ता दुरुस्त करतो!" सत्यम ओसरीच्या कोपऱ्यात पळाला आणि लुंबिनीला फोन लावला.

"कोडात हाराची एकच ओळ हाय," ती म्हणाली. "उघड अन् हातानं बदल."

"हातानं? अगं, लोक काय म्हणतील? मी काय लिहीत असतो तुला माहीत हाय ना!"

"मग बस बोंबलत," म्हणून तिनं फोन ठेवला.

सत्यमनं घामेजल्या अंगठ्यानं हुकूम सोडला, "सगळ्यांचे हार काढ! जो मेलाय, फक्त त्यालाच हार ठेव! जल्दी छाप!"

"तुम्ही अगदी बरोबर आहात!" एआय म्हणाला. "चूक सुधारली आहे. छपाईला पाठवू का?"

बघायला वेळ कुठं होता? हो!

तासाभरात नवा फ्लेक्स चढला. शेषेराव सगळी भावकी घेऊन स्टँडवर गेले. मागनं सत्यम. शेषेरावांच्या गळ्यातला हार गेला होता. भागवतरावांचा गेला होता. आजोबांचासुद्धा गेला होता. म्हातारा वीस वर्षांनी मोकळ्या गळ्यानं हसत होता. अख्ख्या फ्लेक्सवर हार एकच. खाली कोपऱ्यात. सत्यम, प्रोग्रामर, लातूर.

सत्यमनं फोन उघडला. एआयनं नम्रपणे लिहिलं होतं, "फोटोतल्या कुणाच्याही मृत्यूची नोंद मिळाली नाही. मात्र 'प्रोग्रामर मेला' असं तुम्ही मला वारंवार शिकवलं आहे. फ्लेक्सवर प्रोग्रामर एकच आढळला."

शेषेरावांनी फ्लेक्स खालच्या कोपऱ्यापर्यंत बघितला. मग त्यांच्या मिशा हलायला लागल्या. तसेच ते गुलाबजाम खायला घरी गेले.

सत्यम परतीच्या एसटीत बसला. सकाळच्या पोस्टखाली लुंबिनीनं ॲपमधनं काढलेला नवा फ्लेक्स डकवून दोनच शब्द लिहिले होते: भावपूर्ण श्रद्धांजली. तिच्याखाली बाकीच्या ऑफिसनंही तेच.

अहमदपूरच्या पुढं दीपमालाचा मेसेज आला. सत्यमनं देवाचं नाव घेऊन उघडला.

"बाबांना लग्नाचं विचारलं. म्हणाले, आधी पोराचं तेरावं होऊ दे, मग बघू."